शंभर मीटर

पुदासयार्वीच्या गॅरेजात, मार्चच्या शेवटी,
रस्त्याच्या कडेचा बर्फ मळक्या गादीसारखा पडून असताना,
आर्मास त्याची अकरा वर्षांची व्होल्वो घेऊन आला
आणि म्हणाला, "हिला कॅमेरे शिकव."

दंडाची पावती डॅशबोर्डवर होती, पालथी,
हरलेल्या डावातलं पान ठेवावं तशी.
ऐंशीच्या जागी त्र्याण्णव.
"वारा पाठीमागून होता," तो म्हणाला.
शेजारच्या सीटवरून लेम्पी उतरली नाही.
काच तेवढी चार बोटं खाली केली.

मी पेनड्राइव्ह लावला.
फाइल म्हणजे काय, नुसते आकडे:
अक्षांश, स्वल्पविराम, रेखांश, स्वल्पविराम, ऐंशी.
एका ओळीत एक खांब.
कुउसामोपर्यंतचे सगळे करडे डबे
नखाएवढ्या चिपेत दाटीवाटीने बसलेले.
गाडीने आधी ओळखच दाखवली नाही.
मेनूत मेनू, त्यात आणखी मेनू,
आणि अगदी तळाशी, ट्रंकेतल्या चोरकप्प्यासारखी, एक ओळ:
स्वतःची ठिकाणं जोडा.

"स्वतःची?" काचेच्या फटीतून लेम्पी म्हणाली.
"ती तर पोलिसांची आहेत."

मग चाचणी. आर्मास चाकावर, ती शेजारी,
मी मागे, मांडीवर लॅपटॉप, पायाशी मासेमारीचे बूट.
पहिल्या डब्याच्या अलीकडे गाडी वाजली: टिंग.
पण त्याच्याही आधी लेम्पी म्हणाली होती, "आर्मास."
नुसतं नाव. शेवटचा स जरासा लांबवून.
त्याचा पाय तेव्हाच वर आला होता.
टिंग झाली ती
वरात निघून गेल्यावर वाजलेल्या ताशासारखी.

दुसरा डबा. टिंग.
लेम्पी गप्प.
मी आरशात पाहिलं. तिने आरशातून मला पाहिलं.
"हा रिकामा आहे. सप्टेंबरपासून.
डबे बारा आणि कॅमेरा एक;
त्याला फिरवत असतात, आज या घरी, उद्या त्या घरी."
"तुम्हाला कसं माहीत?"
"शिडीवाल्या मुलाला कॉफी कोणी दिली?"

पुढे तळ्याचं वळण.
पडद्यावर काही नाही. गाडी मुकी.
"आर्मास."
वेग पन्नासावर आला, मग चाळीसवर.
बाहेर बर्च, गोठलेलं पाणी,
बर्फात पाडलेल्या भोकाजवळ कुणीतरी विसरलेलं स्टूल.
खांब नाही, डबा नाही, साधी पाटीसुद्धा नाही.
वळण संपेपर्यंत कोणी बोललं नाही.
"मूस-हरीण," शेवटी आर्मास म्हणाला,
"चौऱ्याण्णव सालचं,"
जणू ते अजून रस्ता ओलांडतंच आहे.

मी बोटं कीबोर्डवर ठेवली.
एक ओळ वाढवायला कितीसा वेळ लागतो.
"हेही घालू?"
"नको," लेम्पी म्हणाली. "ते माझ्याकडे असू दे."

आता गाडीचा शेवटचा प्रश्न उरला होता:
सूचना किती अंतरावर हवी?
हजार, पाचशे, तीनशे, शंभर.
"हजार," आर्मास म्हणाला.
"शंभर," लेम्पी म्हणाली.
मी म्हणाले, शंभरावर उपयोग नाही,
तोवर ब्रेक लागायचा नाही.
"लागलेला असेल," ती म्हणाली.

मी शंभर केलं.
आर्मासने खिडकीबाहेर पाहिलं, त्याच्या मिशा हलल्या;
हसला असेल, किंवा शिंक आवरली असेल.

परतताना सगळं उलट्या क्रमाने आलं:
आधी तिचं "आर्मास",
मग सात-आठ बर्च मागे पडायचे,
मग टिंग,
गोष्ट सांगणाऱ्याला अंधारातून कोणी 'हूं' द्यावा तशी.

पैसे तिनेच दिले. पस्तीस युरो, सुटे, मोजून.
पावतीवर तारीख घालायला लावली.
काच वर गेली. गाडी फाटकाकडे निघाली,
माझ्या समोरून, चालत्या माणसाच्या वेगाने.
तिथे फक्त टायरांचा ढीग होता आणि त्यावर झोपलेलं मांजर.

तिचे ओठ हलले.
मागचे दोन्ही लाल दिवे लागले.